गुडघ्यातलं वंगण

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना माझ्या खाटेखाली माणसाच्या हाडांची पेटी असायची. तिला 'हाफ सेट' म्हणत. एका बाजूचा हात, एका बाजूचा पाय, निम्म्या बरगड्या, दोरीत ओवलेले मणके आणि एक कवटी. वरच्या वर्गातल्या मुलींकडून तो निम्म्या किमतीत घ्यायचा आणि वर्ष संपलं की खालच्या वर्गाला विकायचा, अशी रीत होती. दिवाळीच्या सुट्टीत मी तो घरी नेला, तर आजीने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. पेटी गोठ्याच्या पडवीत ठेवायला लावली, मला न्हाणीघरात पिटाळलं, आणि मी ओल्या केसांनी बाहेर आल्यावर एकच प्रश्न विचारला : "कुणाची आहेत गं?"

मला उत्तर देता आलं नाही. उजव्या मांडीच्या हाडावर कुठले स्नायू कुठे चिकटतात ते मला पाठ होतं, पण ते हाड कधी कुणाचं होतं हा विचार मनात आला नव्हता. पुढे तीसेक वर्षं मी शरीररचनाशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी नव्या मुलांच्या हातात तीच पांढरी, कोरडी, खडखडणारी हाडं दिली. आज वाटतं, आम्ही शिकवण्यात एक चूक करत आलो. मुलांना पहिल्या दिवशी मेलेलं हाड दाखवलं आणि ते जिवंत असताना कसं असतं हे सांगायला वेळच उरला नाही. हे पुस्तक लिहायला घेतलं ते त्या राहिलेल्या तासासाठी.

सामान्य माणसाचं तरी वेगळं काय होतं? हाड त्याच्या नजरेला पडतं ते तीन ठिकाणी. मटणाच्या ताटात, एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर आणि तिसऱ्या दिवशी स्मशानात. तिन्हीकडे ते निपचित असतं. त्यातून आपली समजूत अशी होते की हाड म्हणजे शरीराच्या मांडवातला बांबू. एकदा रोवला की रोवला, पुढे तो हळूहळू वाळतो, किडतो आणि मोडतो.

स्मशानातल्या अस्थींचंच घ्या. राख सावडताना हाताला जे लागतं ते पूर्ण हाड नव्हे. जिवंत हाड दोन गोष्टींचं विणलेलं असतं. एक म्हणजे कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे धागे आणि दुसरी म्हणजे त्या धाग्यांत बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक स्फटिक. वजनात खनिजाचा वाटा साधारण दोन तृतीयांश. चितेत धागे जळून जातात आणि खनिज उरतं. म्हणून त्या अस्थींचा आकार हाडाचा असतो, पण चिमटीत धरल्या की चुरा होतो. याच्या उलटा प्रयोग घरी करून पाहता येतो. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधे एकदोनदा व्हिनेगर बदला. आम्लात खनिज विरघळतं आणि धागे राहतात. आकार तोच, पण हाड रबरासारखं वाकतं. वर्गात हे हाड हातोहात फिरवलं की मुलं हसायची, आणि त्या हसण्यात माझा अर्धा तास वाचायचा. टणकपणा खनिजाचा, चिवटपणा धाग्यांचा. म्हातारपणी हाड मोडतं तेव्हा "कॅल्शियम कमी झालं" असं आपण म्हणतो. धाग्यांची आठवण कुणाला येत नाही, कारण धाग्यांच्या गोळ्या दुकानात कॅल्शियमइतक्या जुन्या नाहीत.

आता हे विणकाम रोज उसवलं जातं आणि रोज नव्याने घातलं जातं, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते. हाडात दोन प्रकारचे कामगार सतत फिरत असतात. एक पाडकाम करणारे. ते हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून आम्ल सोडतात आणि तिथे खड्डा पाडतात. त्यांच्या मागून गवंडी येतात आणि तो खड्डा नव्या हाडाने भरतात. एका जागेचं हे काम पुरं व्हायला काही महिने लागतात. प्रौढ माणसात दर वर्षी एकूण हाडाचा सुमारे दहावा हिस्सा असा बदलला जातो. म्हणजे पन्नाशीच्या माणसाचा सांगाडा पन्नास वर्षांचा नसतो. त्याचं पुष्कळसं हाड गेल्या दहा-बारा वर्षांतलं असतं. यातले काही गवंडी स्वतःच बांधलेल्या भिंतीत चिणले जातात. पण ते मरत नाहीत. दगडातल्या त्या खोल्यांमधून बारीक बोळ काढून एकमेकांना हात लावून बसतात, आणि हाडावर कुठून किती भार येतोय ते ओळखून बाहेरच्यांना कळवतात : इथे भर घाला, इथलं काढून टाका.

जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हाड भाराप्रमाणे आपली घडण बदलतं असा नियम मांडला, तेव्हा या चिणलेल्या पेशी असं काही काम करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुरावे पुढे येत गेले. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत राहतात तेव्हा त्यांच्या खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला सुमारे १ टक्क्याने घटतं. पृथ्वीवर तेवढी घट व्हायला म्हातारपणातलं जवळपास वर्ष जातं. आपल्याकडे अंतराळवीर मोजके, पण पलंगावर झोपून राहिलेली आजोबा-आजी घरोघर असतात. पडण्याच्या भीतीने त्यांना हलू दिलं जात नाही, न हलल्याने हाड आणि स्नायू दोन्ही पातळ होतात, आणि मग बाथरूमपर्यंतच्या चार पावलांत ती पडतात.

मोडलेलं हाड जुळतं ते याच रोजच्या बांधकामाच्या जोरावर. कातडी कापली की व्रण राहतो. हाड मात्र व्रणाशिवाय, मूळच्या हाडानेच भरून निघतं. शरीरात हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलेलं आहे. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गावरील इलिझारोव यांनी या गुणाचा असा उपयोग केला की आधी त्यावर कुणी विश्वास ठेवेना. हाड मुद्दाम कापायचं, दोन्ही टोकं बाहेरच्या कड्यांना तारांनी बांधायची आणि दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने लांब करत न्यायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. गावोगावचे हाडवैद याच गुणावर जगले. कांडवेलीचा लेप लावला की हाड जुळतं असं ते म्हणत. खरं तर नीट बसवून हलू न दिलेलं हाड बहुधा जुळतंच. त्यांच्यातल्या जाणत्यांचा हात हाड बसवण्यात खरोखर चांगला असे, हे मी नाकारणार नाही. पण बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यामुळे रक्त अडून काळा पडलेला हात ज्याने एकदा पाहिला, त्याला त्या कलेचं कौतुक मोकळ्या मनाने करता येत नाही.

हाडाची गोष्ट अशी एकंदरीत आशेची आहे. या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग मात्र हाडाच्या टोकावर बसलेल्या एका पांढऱ्या, गुळगुळीत थराबद्दल आहे, आणि तिथे गोष्ट वेगळी होते.

त्याचं शास्त्रीय नाव कूर्चा. शाळेच्या पुस्तकात 'कास्थी' असंही येतं. बोलण्यात दोन्ही नाहीत. लोक 'गादी' म्हणतात, आणि गुडघ्यात ज्याला गादी म्हणतात तेही बऱ्याचदा दुसरंच असतं, पण त्याकडे नंतर येऊ. मटण खाताना दाताखाली कुरकुरणारं पांढरं टोक म्हणजे कूर्चा. आपल्या कानाची पाळी सोडून वरचा भाग, नाकाचा शेंडा, बरगड्यांची पुढची टोकं, श्वासनळीची कडी हे सगळं तिचंच. पोटातल्या बाळाचा बहुतेक सांगाडा आधी कूर्चेचाच घडतो आणि मग तिच्या जागी हाड येतं. गुडघ्याची वाटी तर मूल जन्मतं तेव्हा नुसती कूर्चा असते. ती हाडाची व्हायला तीन ते सहा वर्षं लागतात. रांगणाऱ्या मुलाची ही सोयच म्हणायची.

सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. यातलं तरुण अस्थी म्हणजे नाक, कान, गळा यांतली कूर्चा. कच्चं, कोवळं हाड या अर्थाने 'तरुण'. इतका नेमका शब्द पुढच्या कुठल्या भाषांतरकाराला सुचला नाही. हाडांची संख्या वेद जाणणारे ३६० म्हणतात, शल्यतंत्रात ती ३०० आहे, असंही तिथे म्हटलं आहे. आपण आज प्रौढाची २०६ मोजतो. एवढा फरक का, याचं उत्तर बरंचसं मोजण्याच्या पद्धतीत आहे : चरकाने दात, दातांची खोबणी आणि नखंही हाडांत धरली, सुश्रुताने दात आणि कूर्चा धरल्या. रुडॉल्फ होर्न्ले या अभ्यासकाने १९०७ मध्ये या याद्या एकमेकींशेजारी ठेवून हाड न् हाड पडताळलं. मला संख्येपेक्षा पद्धतीचं कौतुक आहे. प्रेत मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावं, मग ते कुंच्याने हळूहळू घासत थर उलगडून पाहावेत, असं सुश्रुत सांगतो. ज्या समाजात माझ्या आजीने हाडांची पेटी गोठ्यात ठेवायला लावली, त्याच समाजात हे लिहिलं गेलं होतं.

सांध्यातली कूर्चा जाडीला दोन ते चार मिलिमीटर. गुडघ्याच्या वाटीमागे ती सर्वांत जाड असते. निम्म्याहून कितीतरी जास्त भाग पाण्याचा. बाकी कोलॅजेनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारे रेणू; पेशी अगदी तुरळक. तिला रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. दोन कूर्चा एकमेकींवर घसरतात तेव्हा बर्फावर बर्फ घसरताना होतं त्याहूनही कमी घर्षण होतं. माणसाने बनवलेल्या कुठल्याही यंत्रात इतकी वर्षं तेल न बदलता चालणारा असा जोड मला तरी माहीत नाही.

रक्तवाहिनी नाही म्हणजे जखम भरून काढायला कुणी येत नाही. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चेला व्रण झाला की तो त्रास देतो आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. जवळपास पावणेतीनशे वर्षांनी, २०१६ मध्ये, डेन्मार्कच्या संशोधकांनी याला एक चमत्कारिक दुजोरा दिला. १९५० च्या दशकात आणि १९६३ च्या करारापर्यंत महासत्तांनी वातावरणात अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या आणि हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला. तो वनस्पतींत, त्यांतून अन्नात, अन्नातून त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या शरीरात गेला. मग तो हळूहळू घटत गेला. त्यामुळे शरीरातला एखादा धागा कधी विणला गेला हे त्या कार्बनवरून ठरवता येतं. संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजेन तपासलं. ते माणूस वाढीला लागला होता त्या वर्षांतलं निघालं. त्यानंतर जवळजवळ काहीच नवं विणलेलं नव्हतं. निरोगी गुडघ्यात नाही, आणि संधिवाताने बिघडलेल्या गुडघ्यातही नाही.

म्हणजे हाड दर दहा वर्षांनी बदलतं आणि त्याच हाडावर बसलेली कूर्चा आपण शाळेत असताना मिळाली तीच मरेपर्यंत वापरतो. एवढं एकच वाक्य वाचकाच्या लक्षात राहिलं तर उरलेली पानं मी वाया गेली असं समजणार नाही. पण यातून जो निष्कर्ष लोक लगेच काढतात, तो मात्र चुकीचा आहे. ते म्हणतात : मग जपून वापरायला हवी.

माझ्या आईचे गुडघे साठीत दुखू लागले. कुणीतरी तिला सांगितलं, "वंगण संपलंय, आता जिने चढू नका, फिरणं बंद करा." सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. आईने देवळात जाणं सोडलं, भाजीला जाणं सोडलं, मग खाली बसणंच सोडलं. दोन वर्षांत तिच्या मांडीचे स्नायू इतके वाळले की खुर्चीतून उठताना हात टेकावा लागे. दुखणं वाढलंच होतं. मी त्याच सुमारास कॉलेजात मुलांना कूर्चेचं पोषण कसं होतं ते शिकवत होते, आणि घरी येऊन आईला म्हणत होते, "जास्त चालू नकोस गं."

पोषण असं होतं : सांध्याच्या पिशवीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा एक पातळ द्रव असतो. धडधाकट गुडघ्यातही तो चमचाभर भरत नाही. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातलं पाणी बाहेर येतं. पाय उचलला की ती स्पंजासारखी तो द्रव आत ओढते. पेशींना अन्न मिळतं ते या ये-जा करणाऱ्या पाण्यातून. चालणं म्हणजे तिचं जेवण. 'वंगण' हा शब्द म्हणून मला खटकतो. तो बैलगाडीच्या आसावरून आलाय, आणि गाडीचा आस जितका फिरेल तितका झिजतो हे खरंच आहे. गुडघा फिरतो म्हणून जगतो. शिवाय ज्याला आपण वंगण म्हणतो ते संपत नाहीच. सुजलेल्या गुडघ्यात तर ते नको तितकं साठतं आणि सुईने काढावं लागतं.

असाच दुसरा शब्द 'गॅप'. "मणक्यात गॅप आलाय", "गुडघ्यात गॅप पडलाय" हे बसमध्ये शेजारी बसलेला माणूसही सांगतो. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, मणक्यांमधली चकतीही दिसत नाही. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते तिथे ती असते. तेव्हा फट दिसणं चांगलं; दुखणं सुरू होतं ते फट कमी होते तेव्हा. डॉक्टर बहुधा "गॅप कमी झालाय" असंच म्हणालेले असतात. 'कमी झालाय' हे दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत गळून पडतं आणि 'गॅप' तेवढा घरी येतो.

आणि 'गादी'. गुडघ्यात कूर्चेच्या थराखेरीज चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात, भार पसरवणाऱ्या. खेळाडूची 'गादी फाटली' म्हणतात ती यांतली एक. आजीबाईंची 'गादी झिजली' म्हणतात ते बहुधा हाडावरच्या थराबद्दल. दोन्हींचे उपचार वेगळे, आणि एका शब्दाखाली दोन्ही गेल्यामुळे पुष्कळ अनावश्यक शस्त्रक्रिया पदरात पडतात. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास डॉक्टरांना अजून टोचतो. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला कचरा साफ करण्याची शस्त्रक्रिया काहींवर खरी केली, काहींवर खोटी : भूल दिली, कातडीला छेद दिले आणि शिवून टाकले. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा २००६ मधला मोठा अभ्यासही असाच निघाला. एकूण रुग्णांत साखरेच्या गोळीपेक्षा ठोस फायदा दिसला नाही. गोळ्या अजून विकल्या जातात. मी कुणाच्या हातातून हिसकावून घेत नाही, फक्त विचारलं तर सांगते.

धावण्याने गुडघे जातात, ही आणखी एक पक्की समजूत. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा हौशी धावणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याचा संधिवात सुमारे ३.५ टक्के निघाला आणि बसून राहणाऱ्यांत सुमारे १०.२ टक्के. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र तो १३ टक्क्यांच्या पुढे होता. भूक लागते तेवढं जेवावं, तसंच काहीसं. वजनाचा हिशेब तर फार निर्दय आहे : सपाट रस्त्यावर चालतानाच गुडघ्यावर शरीराच्या दोन-तीनपट भार येतो, आणि अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे सुमारे चार किलो उतरतात. दिवसाला पाच हजार पावलं धरा आणि गुणाकार करा.

आईचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने तिला खुर्चीत बसवून पाय सरळ करायला लावला, मग घोट्याला वाळूची पुरचुंडी बांधून, मग जिन्याची एक पायरी, मग दोन. चार महिन्यांनी ती पुन्हा भाजीला गेली. कूर्चा आली नव्हती. एक्स-रे तसाच होता. मांडीचा स्नायू आला होता, आणि गुडघ्याला सावरतो तोच.

हे सगळ्यांनाच पुरत नाही. काही गुडघे इतके गेलेले असतात की सांधा बदलावाच लागतो, आणि त्या शस्त्रक्रियेबद्दल मला अतोनात आदर आहे. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे खुब्याचा सांधा बनवताना आधी टेफ्लॉन वापरलं. ते झिजलं, रुग्णांना त्रास झाला. मग १९६२ मध्ये त्यांनी पॉलिएथिलीन घेतलं, आणि ते शरीराला कितपत सोसतं हे पाहायला दोन्हींचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून ठेवले. आपल्याकडे 'गुडघा बदलणं' हा शब्द घरोघर गेला तो ऑक्टोबर २००० मध्ये, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला तेव्हा. पुढच्या वर्षी दुसरा. त्यानंतर प्रत्येक नातवाला वाटू लागलं की आजीचाही बदलावा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा सांधा सुमारे ५४,७०० रुपयांवर आला. आधी त्याचे दीड लाखाहून अधिक लागत. बदललेल्या गुडघ्याने माणूस छान चालतो. पण मांडी घालून पंगतीला बसणं आणि उकिडवं बसणं त्याला मानवत नाही. विलायती गुडघा खुर्चीच्या मापाने घडवलेला आहे. आपलं अर्धं आयुष्य जमिनीवर जातं.

सांध्यांच्या नावांबद्दल एक गंमत. शाळेच्या पुस्तकातले 'उखळीचा सांधा' आणि 'बिजागरीचा सांधा' हे शब्द मुलं घोकतात आणि विसरतात. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार सांगितले, त्यांत 'उलूखल' आहे, म्हणजे उखळच. कवटीच्या हाडांमधल्या नागमोडी रेषांना त्याने 'तुन्नसेवनी' म्हटलं, रफू केल्यासारखी शिवण. एखादी वाळलेली कवटी हातात घेऊन पाहा, त्याहून चांगलं वर्णन होणार नाही. मुंबईतल्या मुलाने आता उखळ पाहिलेलं नसतं, पण खांदा गोल फिरवला की ते त्याला समजतं.

बोटं मोडण्याबद्दल प्रत्येक व्याख्यानानंतर विचारलं जातं. कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढणाऱ्या आज्यांची बोटं वाकडी झाली नाहीत, हा आपला पुरावा. अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड उंगर यांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि १९९८ मध्ये कळवलं की दोन्ही हात सारखेच आहेत. त्यांना त्याबद्दल २००९ मध्ये इग नोबेल मिळालं. आवाज हाडांचा नसतो. सांधा ताणला की द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो.

पुस्तकात महाराष्ट्राची म्हणून दोन प्रकरणं आहेत. एक गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांतल्या सिकलसेलचं. वाकड्या तांबड्या पेशी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अडवतात आणि विशीतल्या मुलाचं हाड आतून मरतं. हाड जिवंत असतं हे ज्याला पटत नाही त्याने ते मेल्यावर काय होतं ते पाहावं. दुसरं यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या बोअरवेलच्या पाण्यातल्या फ्लोराइडचं. तिथे उलट होतं : हाड अधिकाधिक दाट होत जातं, सांध्यांच्या बंधांतही भरतं, मान वळेनाशी होते. आपल्या देशात या रोगाची नोंद १९३७ मध्ये नेल्लोरकडे झाली. जास्त घट्ट हाड म्हणजे चांगलं हाड नव्हे, हे तिथल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याला वाकलेल्या पाठीने कळलेलं असतं.

पाळी गेल्यावर बायकांच्या हाडांचं काय होतं, भर उन्हाच्या देशात डी जीवनसत्त्व कमी कसं पडतं, यावर इतरत्र पुष्कळ लिहिलं गेलंय. मी ते थोडक्यात उरकलं आहे. खेळातल्या दुखापतींवर लिहिलेलं नाही, कारण तो माझा प्रांत नाही. चित्रं मी स्वतः काढली आहेत, त्याच हाफ सेटवरून. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसल्याने तो सेट मी कधी विकला नाही.

पहिलं प्रकरण गळपट्टीच्या हाडाचं आहे. आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात, ज्या हाडांत सर्वांत आधी खनिज भरू लागतं त्यांतलं हे पहिलं, आणि त्याचं छातीकडचं टोक पुरं व्हायला पंचविशी उजाडते. ते कातडीच्या लगेच खाली आहे. पान उलटण्याआधी गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवा, तिथून खांद्याकडे सरकवत न्या आणि दुसरा हात वर-खाली करा. बोटाखाली जे फिरतंय, तिथून आपण सुरुवात करणार आहोत.